भुजंगचा पंचनामा

न्हाणीच्या दाराची कडी आतून लागली, तसं भागवतनं सगळ्यांना हातानंच स्वयंपाकघरात बोलावलं.

"जल्दी या," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याची अंघोळ उरकायच्या आत ठरवायचं हाय."

भागवत घरातला थोरला. वाटूरमध्ये सरकारी माणूस कुणाच्याही दारी येणार असला, तर आदल्या दिवशी भागवतला निरोप जातो, कारण पंचनामा कसा करून घ्यावा हे त्याच्याइतकं कुणालाच जमत नाही. गारपिटीच्या वर्षी त्यानं तलाठ्याला बांधाबांधानं असं काही फिरवलं, की उभा गहू त्या माणसाला दिसलाच नाही. दिसला तो ओढ्याकाठचा आडवा झालेला तुकडा, आणि तोही वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा. "पंचनाम्याला कोणी चांगलं शेत दाखवतं का?" हे त्याचं वाक्य गावात आता इतरही वापरतात.

"आज ज्या मॅडम येऊन राह्यल्या, त्या कशाला येऊन राह्यल्या ते ध्यानात घ्या," भागवत म्हणाला. "माजी सैनिकांचं काम पाहतात त्या. म्हणजे तपासणी. भुजंग खरंच अधू हाय का, ते पाहणार. आन ह्यानं जर ताठ उभं राहून सलाम ठोकला, तर लिहितील, मानूस बरा झाला."

"मंग लिहू दे की," सगुणाबाई म्हणाली. "बराच झालाय तो."

"माय, बरा झाला म्हणून लिहिलं की समदं बंद. पेन्शन बंद, दवाखाना बंद."

धाकट्याचा पाय सीमेवर सुरुंगात गेला, त्या फोनपासून सगुणाबाई कुणाचाही फोन वाजला तरी आधी देवाला हात जोडायची. "पन पाय गेला तो गेलाच ना?" ती म्हणाली. "तो काय परत उगवतो का?"

"गारपिटीनं गेलेला गहू बी परत उगवत नव्हता. तरी पंचनामा झालाच की."

चुलीशेजारी बसलेल्या केशरबाईनं पदर सारखा केला. केशरबाई म्हणजे भागवतच्या बापाची, रामकिसनची, थोरली बहीण, तीर्थपुरीला दिलेली. भावाच्या घरी काही घडणार असल्याचा वास तिला दोन तालुके ओलांडून येतो, आणि रडण्याचं काम असेल तर ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

"मी रडते," ती म्हणाली. "मॅडम दारात आल्या की सुरू करू, का बसल्यावर?"

"बसल्यावर. आन पानी पिताना थांब, न्हाईतर ठसका लागतो तुला." भागवत आईकडे वळला. "माय, तू त्याचा पाय लपव. पाय दिसला की खेळ खलास."

रामकिसन दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. "हे बराबर न्हाई," तो म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला. त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं आणि आताही कुणी विचारलं नाही.

भागवतची बायको मीना पोहे भिजवत होती. ती काहीतरी बोलायला गेली, पण तोवर सगुणाबाई उठलीसुद्धा.

पाय बाजेशेजारी उभा होता, मोजा आणि बूट घातलेला. सगुणाबाईनं तो कधी हातात घेतला नव्हता. भुजंग तो चढवायला लागला की ती काहीतरी काम काढून आत जायची. आज उचलला तर तो वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला, आणि आपण पोराची चोरी करतोय या विचारानं तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटत असतानाच तिनं तो ज्वारीच्या कोठीत खुपसला, वरून ज्वारी सारखी केली आणि झाकण लावलं. न्हाणीबाहेर टेकवलेली कुबडी भागवतनं गोठ्यात नेऊन ठेवली.

*

भुजंगनं कडी काढून बाहेर हात काढला, तर हाताला कुबडी लागली नाही.

"वैनी, कुबडी कुठंय?"

उत्तर आलं नाही, भागवत आला. त्यानं नव्या नवरीला उचलावं तसं भावाला दोन्ही हातांवर उचललं आणि बाजेवर आणून ठेवलं. सगुणाबाईनं वरून गोधडी घातली. मार्च संपत आला होता आणि पत्रा सकाळीच तापायला लागला होता.

"भाऊ, हे काय चाललंय? माझा पाय कुठंय?"

"तू फक्त पडून राह्य," भागवत म्हणाला. "बाकीचं आमी पाहतो."

हेच तर झालं होतं. घरी आल्यापासून बाकीचं सगळं हेच पाहत होते. भुजंग उठला की चार हात पुढे यायचे. तांब्या उचलला की कुणीतरी काढून घ्यायचं. एकदा तो शेळीला पाणी पाजायला निघाला, तर आईनं शेळीच त्याच्या बाजेपाशी आणून बांधली. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्याला नव्या पायावर जिने चढायला शिकवलं होतं, पडायला शिकवलं होतं, पडून उठायला शिकवलं होतं. वाटूरला येऊन तो बसायला शिकला.

आणि आजची मॅडम त्यानं स्वतः बोलावली होती.

जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीला गोदाम सांभाळायला माणूस हवा होता. भुजंगनं फौजेत भांडारच सांभाळलं होतं, त्यामुळे काम त्याच्या हातातलं. अट एकच होती. गोदामाच्या आवारात एक खोली होती आणि त्या माणसानं तिथं एकट्यानं राहायचं. एकट्यानं राहणं याला जमेल की नाही, हे घरी येऊन पाहायचं आणि कंपनीला सांगायचं, हे या मॅडमचं काम. त्यांनी नाही म्हटलं तर नोकरी दुसऱ्याची.

हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. एका वैनीला सांगितलं होतं, तेही दुसरं कुणी घरात नसताना. बाकीच्यांना नुसतं "मॅडम येणार हायेत" एवढंच. सुरुंग पेरलेल्या रानातून चौक्यांवर रसद घेऊन जाणारा हा माणूस आईला "मी जालन्याला राह्यला जातो" हे एक वाक्य म्हणू शकला नव्हता, आणि त्या न म्हटलेल्या वाक्याच्या जागी भागवतनं आपला पंचनामा आणून बसवला होता. करायला गेलो काय आणि झालं काय, असं म्हणून भुजंगनं डोळे मिटले.

त्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. या घरातून आजवर वेगळा राहायला गेलेला पुरुष एकच, त्याचा चुलत आजा धर्मराज. बैलाच्या एका जोडीवरून तो सख्ख्या भावाशी भांडला, मानवतला गेला आणि परत वाटूरची वेस ओलांडली नाही. दोन पिढ्या उलटल्या तरी गावातली म्हातारी माणसं अजून म्हणतात, ह्यांच्यात भाऊ घराबाहेर काढतात. वेगळं राहणं म्हणजे भांडण, हे या घरात बाळकडूतच मिळतं.

"माय, माझं ऐक एकडाव," तो म्हणाला. पण तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली आणि केशरबाईनं घसा साफ केला.

*

मीनाला वाटलं होतं, मॅडम म्हणजे चष्मा आणि जाडजूड फाइल असलेली कुणी बाई असेल. आली ती तिच्याच वयाची, पायात बूट, पाठीला पिशवी. "जय हिंद. मी दीपमाला," असं म्हणून तिनं बूट दारात काढले, स्वतःच खुर्ची ओढली आणि बाजेकडे पाहिलं. बाजेवर गोधडी होती आणि गोधडीतून भुजंगचा घामानं निथळणारा चेहरा बाहेर आला होता.

"थंडी वाजतेय का?"

"त्याला सदाच वाजते," भागवत म्हणाला.

केशरबाईनं सूर लावला. "काय माझं लेकरू, कसं दिसायचं, काय झालं गं माय." सगुणाबाई चमच्यानं पोराच्या तोंडात पाणी घालायला लागली. भुजंगनं ते गिळलं, कारण तोंडात आईचा चमचा असताना कोण काय बोलणार?

"हातानं नाही का पीत?" मॅडमनं विचारलं.

"पेला उचलत न्हाई, मॅडम," भागवत म्हणाला.

"हातालाही मार लागलाय? माझ्याकडच्या कागदात फक्त पाय आहे."

भागवत क्षणभरच अडला. "हाताला न्हाई लागला. मनाला लागला. मनाचा परिणाम मंग हातावर झाला."

"बरं. आणि कृत्रिम पाय? तो कुठंय?"

"दुरुस्तीला टाकलाय," भागवत म्हणाला.

"अजून आलाच न्हाई," सगुणाबाई त्याच वेळी म्हणाली.

"तो तर तिकडं बर्फातच राह्यला गं माय," केशरबाई रडता रडता म्हणाली.

मॅडमनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. भुजंगनं गोधडीतून हात काढला. "मॅडम, मी सांगतो," तो म्हणाला. पण केशरबाईला तो हात दिसला आणि तिनं तो पकडून आत घातला आणि सूर आणखी वर नेला.

मॅडमनं पिशवीची चेन लावली. "मग प्रश्नच मिटला," ती भुजंगला म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरीचं वाईट वाटणं होतं. "फोनवर तुम्ही वेगळंच बोलला होता. या अवस्थेत मी कंपनीला हो कसं सांगू? नाही म्हणून कळवावं लागेल."

मीनानं दिराचा चेहरा पाहिला. घाम तसाच होता, पण खालचा रंग उडाला होता. तरी तो नुसता आईकडे पाहत होता. मीनाला नवऱ्याचा राग आला, सासूचा आला आणि सगळ्यात जास्त या फौजीचा आला.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. "तुमी कशाला आल्या ते ह्या समद्यांना एकडाव सांगा. भाऊजी न्हाई सांगणार. ते मायला भेतात."

"मीना, तू पोहे पाह्य," भागवत म्हणाला.

"पोहे भिजले. आता तुमी ऐका."

मग मॅडमनं सांगितलं. गोदाम, नोकरी, आवारातली खोली, एकट्यानं राहायची अट. पेन्शनीशी आपला काही संबंध नाही, हेही सांगितलं. "मी ह्यांना काय जमत नाही ते बघायला आलेली नाही," ती म्हणाली. "काय जमतं ते बघायला आलेय."

केशरबाईचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं.

*

भागवतच्या आयुष्यात असा सरकारी माणूस आला नव्हता, ज्याला चांगलं शेत पाहायचं असतं. मग जालना डोळ्यांपुढे आलं. आपला भाऊ गोदामाच्या दारात उभा, खिशाला किल्ल्या, ट्रकवाले "साहेब" म्हणतायत. लबाडी आणि माया भागवतच्या ठिकाणी एकाच जुवाला जुंपलेली असतात, कोण कुणाला ओढतं ते त्यालाही कळत नाही. भाऊ त्याला एकाएकी धडधाकट दिसायला लागला.

"तसं पाह्यलं तर मॅडम," तो म्हणाला आणि त्यानं गोधडी फर्रकन ओढून काढली, "मानूस एकदम फिट हाय."

"आत्ता तर पेला उचलत नव्हते."

"पेला न्हाई उचलत. पोतं उचलतो. लहानपणापासून तसंच हाय त्याचं, बारीक कामात ध्यान न्हाई."

"आन सोभाव किती हसरा," केशरबाई डोळे पुसत म्हणाली.

तोवर भागवत कोठीपाशी पोचला होता. त्यानं मॅडमदेखत झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि बूट-मोज्यासकट पाय वर काढला. ज्वारी खळाखळा सगळ्या घरभर सांडली. "हा घ्या," तो म्हणाला. "दुरुस्त होऊन आला."

मॅडमनं ओठ घट्ट मिटले. ती हसू दाबते आहे हे मीनाला कळलं आणि तिला ही बाई आवडली.

हसली नाही ती सगुणाबाई. तिच्या हातात चमचा तसाच होता.

"कोण एकटं राहणार हाय?" तिनं विचारलं.

"मी, माय," भुजंग म्हणाला.

"कोणाशी भांडलास? मीना काही बोलली?"

"कोणीच काही बोललं न्हाई."

"मंग काहून चाललास? गावात तोंड कसं दाखवू मी? पाय गेला तसं पोरगं घराबाहेर काढलं, म्हणतील. धर्मराजाचं अजून म्हणतात, माझं तर माझ्या तेराव्याला बी म्हणतील."

"म्हणू दे," ओट्यावरून रामकिसनचा आवाज आला. तो उठून दारात आला होता. "तीस वर्सं मी गावाला भेऊन काढली. त्यानं पीक काही जास्ती न्हाई आलं."

"तुमी गप बसा. तुमाला काय कळतं त्याच्या रात्रीचं? दचकून उठतो, तहान लागते. तिथं कोण देईल पानी?"

"मी घेईन," भुजंग म्हणाला. तो बाजेवर उठून बसला होता. बोलायला लागल्यावर मात्र त्याला थांबता येईना. "माय, सुरुंगात माझा एक पाय गेला. बाकीचं शाबूत घेऊन मी घरी आल्तो. हात होते, डोकं होतं, दुसरा पाय होता. तुमी समद्यांनी मिळून माया करून करून ते बी काढून घेतलं. मला तांब्या भरू देत न्हाई तुमी. अशानं मी खरंच अधू होईन, आन मंग भाऊला नाटक करायची बी गरज पडायची न्हाई."

भागवत हातातल्या पायातली ज्वारी उगाचच झटकत राहिला.

सगुणाबाईला हे शब्द लागले. खरे होते म्हणून जास्तच लागले. ती मॅडमकडे वळली. "घ्या मंग तुमची परीक्षा," ती म्हणाली. "जमलं तर जाईल. न्हाई जमलं तर पुन्हा हा विषय न्हाई."

*

भागवत पाय घेऊन पुढे झाला, तर मॅडमनं तो बाजूला ठेवायला सांगितला. "रात्री पाय काढूनच झोपणार ना ते? मग आधी बिनपायाचं बघू. चहा करा सगळ्यांना. आणि कोणी मदत करायची नाही. बोलायचंही नाही."

गोठ्यातून कुबडी आली. भुजंग स्वयंपाकघरात गेला, स्टूल ओढून गॅसपाशी बसला. सगुणाबाई दारात उभी राहिली. आधण ठेवणं जमलं. आलं ठेचणं जमलं. खरी गंमत पुढेच होती. बिस्किटांच्या डब्यात जिरं निघालं. तुपाच्या डब्यात डाळ्या निघाल्या. चहापत्तीचं चित्र असलेल्या डब्यात सुया, बटणं आणि लग्नातल्या सुपाऱ्या निघाल्या. या घरात कुठल्याही डब्यावर जे लिहिलंय ते आत नसतं, आणि कशात काय आहे ते फक्त सगुणाबाईला माहीत. मॅडमनं नकाशा दिला असता तरी फौजेला हे भांडार सापडलं नसतं.

"साखर त्या..." केशरबाई म्हणाली.

"आत्या," मॅडम म्हणाली.

केशरबाईनं पदर तोंडात कोंबला. भुजंग एकेक डबा उघडून बोट चाटत चालला. रांगोळीलाही त्यानं बोट लावलं, सगुणाबाईच्या घशात शब्द आला आणि तिनं तो गिळला. शेवटी साबुदाण्याच्या डब्यात साखर सापडली. चहा झाला. गाळला. आता प्रश्न तो बाहेरच्या खोलीत आणायचा कसा, कारण एका हातात कुबडी. त्यानं चहा किटलीत ओतला, झाकण घट्ट केलं, किटली गळ्यातल्या पंच्याच्या गाठीला अडकवली, पेले खिशांत घातले आणि चालत आला. हे त्याला पुण्यात शिकवलं असणार. सगुणाबाईनं एवढ्या दिवसांत कधी पाहिलं नव्हतं, कारण पाहायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

चहा चांगला होता. तिनं घोट घेतला आणि पेला शेवटपर्यंत रिकामा केला. या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

"आता पडून दाखवा," मॅडम म्हणाली.

"आँ?" केशरबाई म्हणाली.

"एकटा माणूस कधीतरी पडणारच. मला ते कसे उठतात ते बघायचंय. गोधडी घाला खाली आणि ते स्टूल आणून ठेवा."

भुजंग मधोमध उभा राहिला, कुबडी सोडली आणि अंग टाकलं. भागवतनं झेप घेतली. मॅडमचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, पण त्याच्या हातांनी ऐकलं नव्हतं. भाऊ भावावर पडला. भुजंग कोपरावर वळून स्टुलाला धरून उभा राहिला आणि भागवत मात्र कमरेला हात लावून तसाच पडून राहिला.

"ह्यांना नाही जमणार एकटं राहायला," मॅडम म्हणाली.

पुन्हा करायचं ठरलं. या वेळी केशरबाईनं मागून शर्ट पकडला. शर्टाची शिवण उसवली, पण भुजंग पडला नाही. त्यानंतर रामकिसनचे हात पुढे आले, जो इतका वेळ सगळ्यांना धरू नका म्हणून ओरडत होता. मीनानंही परात खाली टाकून धाव घेतली. मॅडमनं कपाळाला हात लावला.

"सगळे बाहेर जा," ती म्हणाली. "आई, तुम्ही थांबा."

"मीच काहून?"

"रोज तुम्हीच धरता ना."

माणसं ओट्यावर गेली. खिडकीच्या गजांतून चार तोंडं आत पाहायला लागली. बाहेर शेजारपाजारचे जमले होते आणि भागवत त्यांना कमर चोळत सांगत होता, की माणूस एकदम फिट हाय, आत परीक्षा चालू हाय, आवाज करू नका.

सगुणाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. भुजंगनं तिच्याकडे पाहिलं. "माय, धरू नको," तो म्हणाला.

"न्हाई धरत."

तिनं दोन्ही हात पदरात घेतले आणि पदराला पीळ घातला. भुजंग पडला. या वेळी तो खरा पडला, गोधडीच्या बाहेर, खांद्यावर, आणि फरशीचा आवाज झाला. सगुणाबाईचे हात पदरात झटके देत होते, गाय दावणीला झटके देते तसे. ती जागची हलली नाही. आजवर तिनं या पोरासाठी जे जे केलं होतं, त्यातलं हे सगळ्यात अवघड होतं आणि त्यात काहीच करायचं नव्हतं.

भुजंग थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग वळला. कोपर टेकवलं. स्टूल हाताला येईना, तर सरपटत त्याच्यापर्यंत गेला. चांगला गुडघा टेकवला, स्टुलावर भार दिला आणि कण्हत, लालबुंद होत त्यावर उठून बसला. शर्ट उसवलेला, गालाला ज्वारीचे दोन दाणे चिकटलेले. तो आईकडे बघून हसला नाही, त्याला दम लागला होता.

मॅडमनं पिशवी उचलली. "सोमवारी सकाळी गोदामावर या," ती म्हणाली. "मी कंपनीशी बोलते. खोलीतल्या न्हाणीत धरायला गज बसवून घ्यायलाही सांगते." खिडकीतून भागवतनं ही बातमी ताबडतोब ओट्यावर पोचवली आणि बाहेर एकच गलका झाला. केशरबाईला परत रडू आलं, पण हे वेगळं होतं आणि कुणी सांगितल्याशिवाय आलं होतं.

मॅडम बूट घालायला गेली. घरात दोघंच राहिले. सगुणाबाई त्याच्याजवळ खाली बसली. गालावरचे दाणे तिनं काढले नाहीत. हात पुढे आला होता, तो तिनं मागे घेतला.

"तिथं पडलास तर मला कसं कळंल?" तिनं विचारलं.

"पडल्यावर न्हाई सांगणार," भुजंग म्हणाला. "उगा घाबरशील तू. उठून उभा राह्यलो की फोन करीन."

बाहेर भागवत कुणाला तरी गोदाम केवढं आहे ते हात पसरून सांगत होता.

"बराबर," ती म्हणाली. "पन एखाद्या दिवशी पडला न्हाईस, तरी बी कर."